मुलांना शाळेत चालत किंवा सायकलने पाठवायचे आहे. सुरुवात कशी करावी?

प्रश्न
टिळकवाडीतील आई:

नमस्कार. आम्ही बेळगावच्या टिळकवाडीत राहतो. मुलगा यंदा आठवीत गेला असून मुलगी पाचवीत आहे. दोघांच्याही शाळा घरापासून दीड किलोमीटरच्या आत, परंतु रुळांच्या पलीकडच्या बाजूला आहेत. आजवर दोघेही रिक्षाने जात-येत होते. रिक्षामामा भला माणूस आहे, त्याच्याविषयी तक्रार नाही. पण रिक्षात मुले इतकी दाटून बसतात की कडेच्या मुलाचे दप्तर आणि अर्धे अंग बाहेरच असते. शिवाय रिक्षा सगळ्या वस्तीला फेरी घालून मग शाळेकडे वळत असल्याने एवढ्याशा अंतरासाठी मुलांना घरातून फार लवकर निघावे लागते.

आता मुलगा सायकल मागतो आहे आणि मुलगी मैत्रिणींबरोबर चालत जाईन म्हणते. सासूबाईंच्या मते यात विचारण्यासारखे काहीच नाही, कारण त्यांच्या काळी सगळी मुले चालतच जात. यजमान म्हणतात की तेव्हाचा रस्ता आणि आत्ताचा रस्ता यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मला दोघांचेही पटते आणि म्हणूनच निर्णय होत नाही.

मला विचारायचे आहे ते असे. कोणत्या वयापासून मुलांना एकटे किंवा गटाने चालत पाठवणे योग्य ठरते? वाटेत रेल्वे गेट असेल तर मुलांना नेमके काय शिकवावे? शाळेच्या दारात, घंटेच्या आधी आणि शाळा सुटताना, पालकांच्याच गाड्यांची जी झुंबड उडते तिच्यातून मुलांनी कसे जावे? आणि पावसाळ्यात हे सारे टिकते का? ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.


उत्तर
निवृत्त शिक्षक, हिंडलगा:

ताई, प्रश्न चांगला मांडलात. माझी नोकरी वेंगुर्ला रस्त्यालगतच्या गावांत झाली. हिंडलग्यापासून सुळगा, उचगाव फाटा आणि पुढे बाचीपर्यंत या रस्त्याच्या दोन्ही अंगांना वस्ती आहे, आणि शाळा मात्र कुठल्या तरी एकाच अंगाला असते. त्यामुळे मुलांनी रस्ता ओलांडायचा कसा, हा प्रश्न आम्हा शिक्षकांच्या रोजच्या कामाचाच भाग होता.

वयाचे आधी सांगतो. साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंतच्या मुलाला येणारी गाडी किती लांब आहे हे दिसते, पण ती किती वेगाने येते आहे याचा अंदाज नीट बांधता येत नाही. हे मूल हुशार आहे की नाही यावर अवलंबून नसते. ती जाण वयानेच येते. म्हणून पहिली ते चौथीच्या मुलांबरोबर मोठे माणूस किंवा समज आलेले मोठे भावंड असावेच. तुमची मुलगी पाचवीत आहे, म्हणजे ती बरोबर उंबरठ्यावर आहे. तिला मैत्रिणींच्या गटात पाठवण्यास हरकत नाही. मात्र त्या गटात निदान एक मूल सातवी-आठवीचे असावे, आणि पहिले काही आठवडे कोणीतरी पालक मागून चालत जावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. मुलांना पाठवण्याआधी ती वाट तुम्ही स्वतः चालून पाहा, आणि तीही शाळेच्या दिवशी, शाळेच्याच वेळेला. पुष्कळ पालक रविवारी सकाळी मुलांना घेऊन वाट दाखवून आणतात आणि तो रस्ता मोकळा पाहून निश्चिंत होतात. रविवारचा रस्ता हा शाळेचा रस्ता नव्हेच. दुसरे असे की, वाटेत अवघड वाटेल तिथे थांबून मुलीच्या डोळ्यांच्या उंचीइतके खाली वाका. तुम्हाला उभ्या टेम्पोच्या टपावरून पलीकडची बस दिसते. तिला फक्त टेम्पोचे चाक दिसते. वळणावर लावलेली गाडी, भाजीचा हातगाडा, कचऱ्याचा डबा, पडलेली खडी, यांपैकी कशानेही तिचे सारे दृश्य झाकले जाते.

असे चालून पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. दीड किलोमीटर वाट सगळीच धोक्याची नसते. बहुतेक गल्ल्या शांत असतात. धोका असतो तो एखाद्या चौकात, एखाद्या वळणावर आणि शाळेच्या दारात. पालकांची सारी भीती त्या दोन-तीन जागांपुरती असते, परंतु ती मोजून न पाहिल्याने सबंध वाटेवर पसरते. त्या जागा टाळता येतील अशी वाट मिळत असेल तर ती थोडी लांबची असली तरी घ्यावी, आणि टाळता येणार नाहीत तिथे माणूस उभे करावे.

गटाने जाण्याची पद्धत आमच्याकडे अशी होती. गल्लीतली मुले ठरलेल्या वेळी मारुतीच्या देवळापाशी जमत. पुढे एक मोठा मुलगा, शेवटी एक मोठी मुलगी आणि मध्ये लहान मुले, दोघा-दोघांची रांग. वाटेत ठरलेल्या ठिकाणी इतर मुले येऊन मिळत. पंढरपूरच्या वाटेवर गावोगावचे वारकरी दिंडीला येऊन मिळतात तसेच ते दिसे, आणि मुलेही त्याला दिंडीच म्हणत. नियम दोनच होते: रांग सोडून पळायचे नाही आणि उशिरा येणाऱ्यासाठी पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबायचे नाही. दुसरा नियम कठोर वाटेल, पण तो नसेल तर आठवड्याभरात सगळे पालक कंटाळून पुन्हा स्कूटर काढतात. जपानमध्ये प्राथमिक शाळेची मुले अशीच शेजारपाजारच्या गटाने, मोठ्या मुलाच्या पुढारपणाखाली शाळेत जातात, आणि तिथे ती रोजची सर्वसाधारण रीत आहे.

रेल्वे गेटविषयी. मुलांना पहिली गोष्ट ही सांगा की, आता रुळांच्या दोन जोड्या आहेत. एक गाडी निघून गेली की मोठी माणसेसुद्धा गेट उघडण्याची वाट न पाहता आडव्या दांड्याखालून वाकून निघतात. त्याच वेळी गेलेल्या गाडीच्या आडून, विरुद्ध दिशेने दुसरी गाडी येत असू शकते, आणि पहिलीच्या आवाजात दुसरीचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून नियम एकच: दांडा पूर्ण वर गेल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही, मग शाळेला उशीर झाला तरी चालेल. वर्गशिक्षकांना हे आधीच सांगून ठेवा आणि गेटामुळे झालेल्या उशिराला शिक्षा करू नये अशी विनंती करा. मुले दांड्याखालून वाकतात ती बहुधा घंटेच्या भीतीने. सायकल असेल तर गेटावर उतरून, ती हाताने ढकलत, रूळ सरळ ओलांडावेत. तिरपे गेल्यास चाक रुळाच्या फटीत अडकते, आणि पावसात ओला लोखंडी रूळ अत्यंत निसरडा असतो.


उत्तर
स्थापत्य अभियंता, बेळगाव:

गुरुजींनी मुलांच्या बाजूने लिहिले, मी रस्त्याच्या बाजूने लिहितो. कारण या विषयावरची आपली सगळी चर्चा मुलांना काय शिकवावे इथेच थांबते आणि रस्त्याला कोणी काही शिकवत नाही.

थोडा हिशेब पाहू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. चालकाला मूल दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, आणि त्यानंतर कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी तितकेच अंतर लागते. म्हणजे एकूण २८ मीटरच्या आसपास. तीच गाडी ताशी ३० किलोमीटरने येत असेल तर सुमारे १३ मीटरमध्ये थांबते. मूल २० मीटरवर रस्त्यात उतरले असेल तर एका गाडीचा चालक त्याच्यावर ओरडून पुढे जातो आणि दुसऱ्या गाडीखाली ते मूल सापडते. फरक फक्त वेगाचा. याच कारणाने २०२० साली स्टॉकहोम येथे झालेल्या जागतिक रस्ते सुरक्षा परिषदेच्या जाहीरनाम्यात, जिथे पादचारी आणि वाहने एकत्र येतात तिथे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर असावी, असे म्हटले आहे.

म्हणून शाळेजवळ पहिली मागणी असावी ती योग्य गतिरोधकाची. योग्य हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेनुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच, सौम्य उताराचा असावा. त्यावरून ताशी २५ किलोमीटरने गाडी सहज जाते आणि त्याहून जास्त वेगाने गेल्यास धक्का बसतो. आपल्याकडे रातोरात डांबराचा किंवा काँक्रीटचा जो अरुंद उंचवटा टाकला जातो त्याने दुचाकीवाले पडतात, गरोदर बायकांना त्रास होतो, आणि मग लोकच तक्रार करून तो काढायला लावतात. त्यावर पांढरे पट्टे आणि आधी सूचनाफलक नसेल तर रात्री तो स्वतःच अपघाताचे कारण बनतो. पदपथ मागायचा असेल तर तो निदान १.८ मीटर मोकळा असावा, असे पादचाऱ्यांसाठीचे मानक सांगते. मोकळा म्हणजे त्यावर ट्रान्सफॉर्मर, टपरी किंवा दुकानाची पायरी नसलेला.

निवेदन कुणाला द्यायचे, यात लोकांची गल्लत होते. शहरातला अंतर्गत रस्ता महानगरपालिकेचा, राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचा, राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या यंत्रणेचा, आणि खेड्यातला गल्लीतला रस्ता ग्रामपंचायतीचा. चुकीच्या कचेरीत दिलेला कागद पुढे पाठवला जाईलच याचा भरवसा नसतो. कागद कन्नडमध्येही तयार करून दोन्ही भाषांतली प्रत जोडावी, त्याने काम हलते. शाळा व्यवस्थापनाच्या किंवा सरकारी शाळेत एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या, ठरावाची प्रत सोबत असेल तर अर्जाला वजन येते. सोबत जागेचा हाताने काढलेला नकाशा द्या, आणि तो मुलांकडून काढून घ्या. डेन्मार्कमधील ओडेन्स शहराने १९७० च्या दशकात शाळेच्या सुरक्षित वाटा आखायला घेतल्या तेव्हा तिथल्या अभियंत्यांनी मुलांनाच विचारले की तुम्हाला कुठे भीती वाटते. मुलांनी दाखवलेल्या जागा पुष्कळदा पोलिसांच्या नोंदीत नसतात, कारण तिथे अपघात अजून झालेला नसतो, तो थोडक्यात टळत आलेला असतो.

खेड्यातल्या पालकांनी आणखी एक दार ठोठवावे. कर्नाटकात ग्रामपंचायतींना दरवर्षी मुलांची ग्रामसभा, म्हणजे मक्कळ ग्रामसभा, घ्यावी लागते. तिथे मुले बोलतात आणि पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, उत्तर द्यावे लागते. अनेक ठिकाणी ती फोटोपुरती उरकली जाते, हे खरे. पण आठवीतल्या मुलीने उठून शाळेच्या वाटेवरचा गटार उघडा का आहे असे विचारले की ते इतिवृत्तात येते, आणि इतिवृत्तात आलेल्या गोष्टीचा पाठपुरावा करता येतो.

शाळेच्या दारातल्या झुंबडीवर फार साधा उपाय आहे. दारापासून शंभर-दीडशे मीटरच्या आत पालकांनी गाडी आणायचीच नाही, असे शाळेने ठरवावे. मुलांना अलीकडेच उतरवावे आणि शेवटचा टप्पा सगळ्या मुलांनी चालत जावे. यासाठी सरकारी मंजुरी लागत नाही, खर्च येत नाही. लागतो तो फक्त मुख्याध्यापकांचा खंबीरपणा. मुलांना ज्या गाड्यांची भीती आहे त्यांतल्या कितीतरी गाड्या त्यांच्याच वर्गमित्रांच्या आईवडिलांच्या असतात.


उत्तर
शहापूरची नोकरदार आई:

आपण सगळे जाणकार लिहिता आहात, तरी मला थोडे वेगळे वाटते. गतिरोधक आणि नकाशे ठीक आहेत. परंतु माझी मुलगी नववीत आहे आणि तिला भीती गाड्यांची नाही. कोपऱ्यावर दुचाकी लावून बसणाऱ्या टोळक्याची आहे. मी सकाळी नऊच्या आधी घर सोडते, त्यामुळे मागून चालत जाणारी पालक मी होऊ शकत नाही. रिक्षा मला महाग पडते, पण ती दारातून उचलते आणि दारात सोडते, त्याचे मोल मला पैशापेक्षा जास्त आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी चालवावे; पण जे रिक्षा लावतात ते मुलांना नाजूक बनवतात, असा जो सूर नेहमी निघतो तो बरोबर नाही.


उत्तर
निवृत्त शिक्षक, हिंडलगा:

ताई, तुमचे म्हणणे रास्त आहे. असा सूर माझ्या लिहिण्यात आला नसावा अशी आशा करतो. मुलींच्या बाबतीत वाट निवडताना फक्त वाहने पाहून चालत नाही. कमी रहदारीची म्हणून निवडलेली सुनसान बोळ मुलीला अधिक धोक्याची असू शकते, आणि गजबजलेला पण दुकाने उघडी असलेला रस्ता तिला सुरक्षित वाटतो. तिला विचारूनच वाट ठरवावी. वाटेवरच्या दोन-तीन ओळखीच्या दुकानदारांना, पिठाच्या गिरणीवाल्याला किंवा औषधांच्या दुकानातल्या माणसाला सांगून ठेवावे की मुली या वेळेला जातात, त्यांना काही वाटले तर त्या इथे येऊन थांबतील. मुलांसाठीचा १०९८ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे दोन्ही क्रमांक मुलींना तोंडपाठ असावेत. टोळक्याची तक्रार एका पालकाने न करता शाळेच्या नावाने करावी, म्हणजे कुण्या एका मुलीकडे बोट दाखवले जात नाही. आणि एवढे करूनही मन मानत नसेल तर रिक्षा चालू ठेवावी. फक्त तिच्यात किती मुले बसतात यावर लक्ष असू द्यावे.


उत्तर
खानापूर तालुक्यातील पालक:

इथली चर्चा वाचून मला थोडी गंमत वाटली. आमच्याकडे मुलांना चालायला प्रोत्साहन द्यावे लागत नाही. चालण्यावाचून दुसरा मार्गच नसतो. जांबोटी, कणकुंबी, हेम्माडगा या पट्ट्यातल्या वाड्यावस्त्यांची मुले जंगलाच्या वाटेने शाळेत जातात. भीमगड अभयारण्याच्या आसपास अस्वल आणि गवे आहेत. जून ते सप्टेंबर इतका पाऊस कोसळतो की ओढ्यावरचा साकव पाण्याखाली गेला की त्या दिवसाची शाळा बुडालीच.

कर्नाटकात प्राथमिक शाळा सातवीपर्यंत असते आणि हायस्कूल आठवीला सुरू होते. सातवीपर्यंतची शाळा गावात किंवा शेजारच्या गावात मिळते. खरी पायपीट आठवीला सुरू होते, आणि मुलींचे शिक्षण सुटते तेही नेमके तिथेच. म्हणून २००६-०७ पासून राज्य सरकारने सरकारी व अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलामुलींना सायकली द्यायला सुरुवात केली होती. त्या सायकलींच्या दर्जाविषयी लोक नाना तऱ्हेने बोलत, पण गावातल्या मुली एका ओळीने सायकलवरून हायस्कूलला जाताना दिसत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. करोनाच्या वर्षांपासून ते वाटप थांबले. बिहारनेही २००६ साली नववीच्या मुलींना सायकली देणे सुरू केले होते. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा त्या योजनेमुळे योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे व मुली यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी घटली, असे आढळले. शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावांत हा परिणाम सर्वांत ठळक होता. असे असताना आपल्याकडे ते वाटप पुन्हा सुरू व्हावे यासाठी पालकांचा आवाज का उठत नाही, हे मला कळत नाही.

जून २०२३ पासून शक्ती योजनेत मुलींना आणि बायकांना बस मोफत झाली, त्याचा मुलींना खूप उपयोग झाला. पण बसची फेरी शाळेच्या वेळेला जुळत नसेल किंवा बस भरून आल्यामुळे फाट्यावर थांबतच नसेल, तर मोफत असूनही काय होणार? मग मुले फाट्यावरून चालू लागतात.

आमच्याकडे उपयोगी पडलेल्या गोष्टी सांगतो. जंगलाच्या वाटेने मुले कधीही एकटी सोडत नाहीत. गटाने, मोठ्याने बोलत जातात, म्हणजे जनावर चाहूल लागून आधीच बाजूला होते. पहाटेचे आणि संध्याकाळी उशिराचे जादा वर्ग लांबून येणाऱ्या मुलांसाठी ठेवू नयेत, ही मागणी आम्ही लावून धरली. ओढ्याला पाणी गुडघ्यापर्यंत आले की ओलांडायचे नाही, तिथूनच परत फिरायचे, आणि त्या दिवसाची गैरहजेरी शाळेने धरायची नाही. शहरातल्या वाचकांना हे वेगळे वाटेल. परंतु रेल्वे गेटावर उशीर झालेल्या मुलाला शिक्षा करू नका, असे गुरुजी म्हणतात ते आणि हे एकच आहे.


उत्तर
सायकल दुरुस्तीचे दुकान, निपाणी:

मी फक्त सायकलीविषयी लिहितो. मुलगा वाढेल म्हणून मोठी सायकल घेऊ नका. कपडे वाढत्या अंगाचे घ्यावेत, सायकल नव्हे. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला नीट टेकले पाहिजेत आणि सायकलचा दांडा दोन पायांच्या मधे घेऊन उभे राहिल्यावर दांडा आणि अंग यांच्यात थोडी जागा राहिली पाहिजे. आठवीच्या मुलाला गिअरच्या सायकलीची गरज नाही; तिची दुरुस्ती खर्चिक असते आणि गिअर बदलताना मुलांचे लक्ष खाली जाते. त्याऐवजी मडगार्ड, मागे कॅरिअर, चांगली घंटी आणि मागचा लाल रिफ्लेक्टर असलेली साधी सायकल घ्या. दप्तर कॅरिअरला रबरी पट्ट्याने बांधावे. हँडलला अडकवलेली पिशवी पुढच्या चाकात जाते आणि मूल तोंडावर पडते. असे प्रकार दुकानात सर्रास येतात.

दप्तराच्या वजनाचा विषय कुणी काढला नाही, म्हणून सांगतो. कर्नाटक सरकारने २०१९ मध्ये ठरवून दिले आहे की पहिली-दुसरीला दोन, तिसरी ते पाचवीला तीन, सहावी ते आठवीला चार आणि नववी-दहावीला पाच किलोपेक्षा जास्त वजन नसावे. पाचवीच्या मुलीचे दप्तर एकदा वजनकाट्यावर ठेवून पाहा. जड दप्तराने वाकून चालणारे मूल समोर पाहत नाही, पायाखाली पाहते.

पावसात रिमवर दाबणारे ब्रेक ओले होतात आणि पकड घेत नाहीत. मुलाला शिकवा की थांबायच्या बरेच आधीपासून ब्रेक हलके दाबत राहायचे, म्हणजे रिमवरचे पाणी पुसले जाते, आणि मग जोरात दाबायचे. पुढचा ब्रेक एकटाच कधीही दाबायचा नाही. एका हातात छत्री धरून सायकल चालवायची नाही. रेनकोटच घालायचा, तोही पिवळा किंवा केशरी. काळा आणि गडद निळा रेनकोट पावसाच्या अंधारात दिसत नाही, आणि दुकानांत नेमके तेच रंग जास्त खपतात. टोपीमुळे बाजूचे दिसत नसेल तर ती डोक्याला नीट बांधून घ्या.

आमच्या निपाणी-चिकोडी भागात मुलांना सर्वांत मोठा धोका असतो तो ऊस हंगामात. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. ऊस ट्रॉलीच्या बाहेर पसरलेला असतो, मागे दिवा नसतो, आणि वळताना मागची ट्रॉली आत येते. मुलांना स्पष्ट सांगावे की चालत्या ट्रॅक्टरच्या बाजूने जायचे नाही, दोन ट्रॉल्यांच्या मधून तर मुळीच नाही, आणि ट्रॉलीला धरून सायकल ओढून घ्यायची नाही. ऊस उपसण्यासाठी मुले ट्रॉलीमागे धावतात, ते आपण सगळे लहानपणापासून पाहत आलो आहोत. पण आताच्या ट्रॅक्टरचा वेग आणि ओझे पूर्वीचे राहिलेले नाही. कारखान्यांनी ट्रॉलीमागे रिफ्लेक्टर बसवावेत यासाठी पालकांनी हंगामाच्या आधीच निवेदन द्यावे.

आणखी एक. सायकल रस्त्याच्या डाव्या कडेने चालवायची, पण पदपथ नसेल तिथे चालणाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने पाहत चालायचे. भाऊ सायकलवर आणि बहीण पायी, अशी दोघे सोबत निघाली तर नियम उलटसुलट होतात. एकतर भावाने उतरून चालावे किंवा दोघांनी वेगळे जावे.


उत्तर
टिळकवाडीतील आई:

सर्वांचे मनापासून आभार. काल सकाळी शाळेच्या वेळेला मी आणि मुलगी वाट चालून आलो. गुरुजी म्हणाले तसेच निघाले. बहुतेक वाट निवांत आहे; गेटाच्या अलीकडचा चौक आणि शाळेचे दार, एवढ्याच जागा वाईट आहेत. चौकातल्या भाजीच्या गाड्यामागून मुलीला येणारी बस दिसत नाही, हे मला उभ्याने कधीच कळले नसते. दप्तर वजनकाट्यावर ठेवले तर ते तीन किलोच्या बरेच पुढे गेले. त्यात निम्म्या वह्या त्या दिवशी लागणाऱ्याच नव्हत्या. गल्लीतल्या दोन घरांतल्या पालकांशी बोलले आहे, त्यांच्या मुली येण्यास तयार आहेत.

मुलाच्या बाबतीत एकच शंका उरली आहे. त्याचे दोन मित्र घरची गिअर नसलेली स्कूटर घेऊन शाळेला येतात आणि हा आता सायकल कमीपणाची मानू लागला आहे.


उत्तर
स्थापत्य अभियंता, बेळगाव:

त्या मित्रांच्या पालकांपर्यंत एक माहिती पोचवा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यातील कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना फक्त ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या वाहनाचा असतो, आणि घरोघरी असलेल्या स्कूटर त्याहून कितीतरी मोठ्या आहेत. आठवीतली मुले तर त्या वयाचीही नाहीत.

कायद्याने मुलाचा कमीपणा जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी त्याला बहिणीच्या गटाचा पुढारी करा. सकाळी सायकल घरी ठेवून गेटापर्यंत चालत गट नेण्याची जबाबदारी त्याच्यावर सोपवा, आणि शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा असते तेव्हा सायकल न्यायची मुभा द्या. चौकातल्या गाडेवाल्याशी मात्र तुम्हीच आधी बोला. गाडा दोन हात मागे सरकवायला तो बहुधा नाही म्हणणार नाही. निवेदन त्यानंतर द्यावे.